आईला घरीच ठेवायचं की केअर होमला? खर्चाबद्दल मला इंदूरभरातून विचारले जाणारे प्रश्न

सासूबाईंचं सगळं मीच बघितलं, तीन वर्षं सुदामा नगरच्या घरी आणि नंतर चौदा महिने एका केअर होममध्ये. तेव्हापासून ओळखीत कुणाची आई बाथरूममध्ये पडली किंवा कुणाचे बाबा रस्ता विसरायला लागले की फोन मलाच येतो. रामबागेतून येतो, लोकमान्य नगरातून येतो, एकदा तर सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात चहाचा कप हातात असताना एका बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, काय हो, तुम्हाला महिन्याला किती लागायचे? प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. खालचे पगाराचे आणि फीचे आकडे मी हिशोबाला सोपे म्हणून गोल धरलेत, ते काही इंदूरचं रेटकार्ड नाही. तुमच्या एजन्सीचा आणि तुम्ही बघितलेल्या होमचा रेट त्या जागी टाका, गणिताची रीत तीच राहते.

सरळ सांगा, स्वस्त काय पडतं?

माणसाला रात्री उठवायला, वळवायला, बाथरूमला न्यायला कुणी जागं लागतं का? आधी याचं उत्तर द्या. नाही लागत, नुसती दिवसा मदत पुरते, तर घरच स्वस्त, आणि चांगलंच स्वस्त. रात्रीचंही माणूस लागत असेल तर दोन्ही खर्च जवळजवळ बरोबरीला येतात, मग पैशाचा विचार सोडून बाकीचं बघायचं. लोक चुकतात कुठे, तर एका हातात आयाचा पगार धरतात आणि दुसऱ्या हातात होमची महिन्याची फी, आणि म्हणतात बघा घर निम्म्यात होतं. आयाचा पगार म्हणजे घरचा खर्च नव्हे हो, आणि होमची फी म्हणजे होमचा खर्च नव्हे, दोन्हीकडे खरा आकडा मागे दडलेला असतो.

हिशोब करून दाखवा ना

दाखवते, वही घ्या. बारा तासाच्या अटेंडंटचे रोजचे ५०० रुपये धरू, महिन्याचे झाले १५,०००. रात्रीची दुसरी ठेवली की ३०,०००. डायपर दिवसाला तीन, एकाचे ४० धरले तर महिन्याला ३,६००. फिजिओथेरपीवाला आठवड्यातून तीनदा, ४०० रुपये फेरी, बारा फेऱ्यांचे ४,८००. दोन्ही अटेंडंटचा चहा, नाश्ता, एकेक वेळचं जेवण, हे कुणी धरतच नाही पण ४,५०० तरी धरा. रात्रभर लाइट, पंखा, उन्हाळ्यात कूलर, वॉशिंग मशीन रोज, वाढीव बिल १,५००. किती झाले? ४४,४००. यात औषधं नाहीत कारण ती दोन्हीकडे तेवढीच लागतात.

आता होम. फी ३५,००० धरू. डायपर बहुतेक ठिकाणी वेगळे, ३,६००. फिजिओ वेगळा, ४,८००. झाले ४३,४००. आणि डिपॉझिट, समजा २ लाख परत मिळणारे, तर त्या २ लाखांवर एफडीत ७ टक्के मिळाले असते ते १४,००० वर्षाचे गेले, महिन्याला साधारण १,१७०. एकूण ४४,५७०. बघितलंत? दोन्हींत दोनशे रुपयांचासुद्धा फरक नाही. आकडे तुमचे टाकले की इकडेतिकडे होईल, पण रात्रपाळी आली की दोन्ही असे जवळ येतात हे मी चार-पाच घरांच्या वह्यांत बघितलंय.

आणि रात्रीची बाई काढून बघा, घर एकदम २७,००० च्या आसपास खाली येतं. सगळा खेळ त्या रात्रीचा आहे.

मुलगा न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो तिकडे होमच स्वस्त पडतं, मग इथे का नाही?

तो तिकडचं बरोबर सांगतोय. अमेरिकेत जेनवर्थ कंपनी याचं सर्वेक्षण करते, २०२४ च्या आकड्यांत घरी येणाऱ्या हेल्थ एडचा, म्हणजे आपल्या अटेंडंटसारख्या मदतनिसाचा, मधला दर तासाला ३४ डॉलर होता, आणि असिस्टेड लिव्हिंगचे, म्हणजे रोजची मदत मिळणाऱ्या होमचे, वर्षाचे ७०,८०० डॉलर. भागाकार करा, आठवड्याला ४० तासांच्या पुढे मदत लागली की तिकडे होम स्वस्त. म्हणजे नुसती ऑफिसच्या वेळेएवढी मदत घेतली तरी पारडं झुकलं. आठवड्याचे एकूण तास १६८, त्यातले ४० म्हणजे काय?

आपल्याकडे वरच्या हिशोबात अटेंडंट तासाला ४२ रुपये पडते. ३५,००० ला ४२ ने भागलं तर ८३३ तास होतात आणि महिन्यात तास असतात ७२०. म्हणजे नुसता पगार बघितला तर इथे घर कधीच महाग पडत नाही! ते महाग होतं जेवण, बिलं, बदली बाई आणि घरच्या माणसाची गेलेली नोकरी धरली की. म्हणून तिकडचा सल्ला इथे जसाच्या तसा चालवू नका, मुलाला प्रेमाने सांगा की बाबा रे, तिकडे माणूस महाग आहे आणि इथे माणूस स्वस्त आहे पण टिकत नाही.

अजून एक, तिकडचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, तोसुद्धा अंघोळ-जेवण-कपडे असल्या रोजच्या लांबलचक देखभालीचे पैसे देत नाही. आपल्याला वाटतं तिकडे सगळं सरकार करतं. तसं काही नाही.

वृद्धाश्रम आणि असिस्टेड लिव्हिंग एकच ना?

नाही. वृद्धाश्रमात बहुतेक ठिकाणी अट असते की माणूस स्वतःच्या पायाने चालणारं, हाताने जेवणारं, बाथरूमला आपलं आपण जाणारं पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्याला ते घेत नाहीत, आणि आत राहताना खिळलं तर घरी न्या म्हणतात, हे प्रवेशाच्या फॉर्मात बारीक अक्षरात असतं. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे खोली, जेवण आणि वर अंघोळ घालणं, गोळ्या देणं, धरून चालवणं. नाकातून नळी, ऑक्सिजन, जखमेचं ड्रेसिंग असेल तर ते नर्सिंगचं काम, त्याची फी वेगळ्या पट्टीची. बोर्डावर काय लिहिलंय ते सोडा, विचारा की माझ्या आईला बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाली तर तिला इथे ठेवाल का. या एका प्रश्नावर निम्मी होम गळतात.

आया, अटेंडंट, सिस्टर, यांत फरक काय, आणि मला कोण लागेल?

आया किंवा अटेंडंट म्हणजे अंघोळ, डायपर, भरवणं, फिरवणं. सिस्टर म्हणजे शिकलेली नर्स, इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, राइल्स ट्यूब म्हणजे नाकातली नळी, ड्रेसिंग. सिस्टरचा पगार अटेंडंटच्या दुप्पट किंवा जास्तच. एजन्सीवाला घाबरवून सिस्टर गळ्यात मारतो, खूपदा गरज नसते. आमच्याकडे ड्रेसिंगला दिवसाआड एक सिस्टर अर्धा तास यायची, तेवढ्याचे फेरीप्रमाणे पैसे, बाकी सगळं अटेंडंट दीदी करायची. डॉक्टरलाच विचारा की शिकलेल्या हाताचं काम दिवसात नक्की किती मिनिटांचं आहे.

एजन्सीतून घ्यावी की ओळखीतून थेट?

थेट घेतली तर त्याच पैशात बाईला जास्त मिळतं, कारण एजन्सी मधले बरेच ठेवून घेते. पण थेटवाली आजारी पडली की तुम्ही आडवे. एजन्सीतून घेतली तर बदली देऊ म्हणतात, आणि देतातही, दुपारी बारा वाजता. सकाळची अंघोळ कुणी घालायची मग?

आणि छुट्ट्यांचा हिशोब कुणीच करत नाही. आपल्याकडे इंदूरला कामाला येणाऱ्या कितीतरी बाया धार, झाबुआ, बडवानी, खरगोनकडच्या. होळीच्या आधी भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासींचे जत्रेचे बाजार, लागले की त्या जाणारच, तुम्ही पगार दुप्पट करा नाहीतर पाया पडा. मग दिवाळी, मग राखी, मग गावाकडे सोयाबीन काढायला आलं की आठ दिवस. एका रंगपंचमीला आमची दिवसपाळीवाली गावाला गेलेली आणि एजन्सीने पाठवलेली बदली बाई गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, गर्दीत राजवाड्याजवळ अडकलेली, फोन लागत नाही, मी आणि माझा नवरा दोघंच, आणि त्याला आईचा डायपर बदलताना इतकं अवघडलेलं मी लग्नाच्या सत्तावीस वर्षांत बघितलं नव्हतं. वर्षातले चाळीसेक दिवस तरी असे जातात असं धरा. त्या दिवसांना एक तर दीडपट पैसे मोजायचे, नाहीतर घरच्या कुणीतरी सुट्टी घ्यायची.

कामाला ठेवायच्या आधी पोलिस ठाण्यात व्हेरिफिकेशन करून घ्या, थेटवालीचं तर नक्कीच. आधार कार्डाची झेरॉक्स पुरत नाही.

घरी अजून कुठले खर्च निघतात जे आधी कळत नाहीत?

पाणी! आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. अंथरुणातलं माणूस असलं की चादरी रोज, कधी दिवसात तीनदा. टाकी पुरत नाही, मग टँकर. दुसरं, हॉस्पिटल बेड, एअर मॅट्रेस, व्हीलचेअर, कमोड चेअर. बेड विकत घेऊ नका, आधी किरायाने घ्या, दोन महिन्यांत कळतं किती दिवसांचं काम आहे. एअर मॅट्रेस मात्र विकतच घ्या, दुसऱ्याची वापरलेली नको. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, लागला तर पाच लिटरवाला साधारण ३५० वॅट ओढतो, चोवीस तास चालला तर दिवसाला आठ युनिटच्या वर, महिन्याला अडीचशे युनिट. आणि इन्व्हर्टर साधा असेल तर तो किती वेळ ओढेल ते आधी बघून ठेवा, लाइट गेल्यावर नाही.

डायपरचं एक बरं आहे, आपल्या कचरागाडीला त्यांचा वेगळा डबा असतो, नीट कागदात गुंडाळून द्या म्हणजे भैया कटकट करत नाही. दुसऱ्या गावातले नातेवाईक हे ऐकून चकित होतात. (इंदूरचं कौतुक आलं की मला थांबवत नाही, सोडा.)

सून घरीच असते, मग बाई कशाला लावायची?

हा प्रश्न मला सुनांनी कधीच विचारला नाही.

बघा, घरचं माणूस करतंय म्हणजे ते फुकट नाही. मी कोचिंगमध्ये गणित शिकवत होते, सोडलं. माझा पगार गेला तो घरच्या हिशोबाच्या वहीत कुणी मांडला? मीच मांडला, एका रात्री, लाल पेनने, आणि तो रात्रपाळीच्या बाईच्या पगारापेक्षा जास्त निघाला. म्हणजे आम्ही महिनोन्महिने पैसे वाचवतोय असं समजून घालवतच होतो. ज्या घरात सून, मुलगी किंवा मुलगा नोकरी सोडून बसलाय त्यांनी तो पगार घरच्या बाजूला लिहायचाच, ऑनलाइन क्लास असो, शिवणकाम असो, बँक असो. कमवत नसेल तरी रात्री चारदा उठणाऱ्या बाईची पाठ, बीपी, शुगर, त्याची बिलं पुढे येतातच. नणंदा आणि दीर लांबून म्हणतात, तू आहेस ना वहिनी, मग आम्हाला काळजी नाही. तर त्यांना सांगा, काळजी नको, महिन्याला रात्रपाळीचे पैसे पाठवा. मी सांगितलं. एक महिना फोन आला नाही, मग पैसे यायला लागले.

होमवाले सांगत नाहीत असे खर्च कोणते?

ॲडमिशन किंवा रजिस्ट्रेशन फी, परत न मिळणारी. डिपॉझिट, आणि ते परत कधी, किती दिवसांत, काय कापून, हे लेखी. दरवर्षीची वाढ, किती टक्के, लेखी. खोलीत एसी चालवला तर मीटर वेगळं. दवाखान्यात नेलं तर गाडीचे आणि सोबत जाणाऱ्या माणसाचे पैसे. आणि सगळ्यात मोठं, लेव्हल. म्हणजे आज आई धरून चालते म्हणून एक फी, सहा महिन्यांनी चालणं बंद झालं की दुसरी लेव्हल आणि फी वाढली. ही लेव्हल कोण ठरवतं, आपल्याला आधी सांगतात का? आमच्या होमने एका महिन्यात परस्पर वाढीव देखभालीचे पैसे बिलात लावले, विचारलं तर म्हणाले माताजी आता रात्री दोनदा उठतात. अहो, त्या दहा वर्षांपासून रात्री दोनदा उठतात!

जीएसटीचंही विचारा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमात ६० च्या वरच्यांसाठी महिन्याला माणशी २५,००० पर्यंतच्या राहण्या-जेवण्याच्या रकमेला जीएसटी माफ आहे. कंपनीने चालवलेल्या होमला ही सवलत नाही, म्हणून सांगितलेली फी टॅक्स धरून आहे का वर टॅक्स लागणार, हे पहिल्याच भेटीत क्लिअर करा.

मेडिक्लेममधून किंवा आयुष्मानमधून यातलं काही मिळतं का?

आयाचा पगार आणि होमची फी, दोन्हींचे नाही. आयुष्मानमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, घरात सत्तरीच्या पुढचे दोघं असले तर दोघांत मिळून ५ लाख. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचाराचं आहे. तरी कार्ड काढून ठेवाच, कारण मांडीचं हाड मोडलं की तिथले पैसे वाचले तर ते आयाला देता येतात. मेडिक्लेममध्ये डोमिसिलरी नावाचं एक कलम असतं, घरी उपचार घेतले तर पैसे देतात म्हणून लोक खूश होतात, पण ते दवाखान्यात हलवता येत नाही किंवा बेडच नाही अशा वेळचे डॉक्टरी उपचार असतात, रोजची देखभाल नव्हे.

टॅक्समध्ये काय सूट मिळते?

जुनी टॅक्स पद्धत घेतली असेल तरच, नवी घेतली असेल तर हा प्रश्न सोडून पुढे जा. आईबाबा ६० च्या वर आहेत आणि त्यांचा मेडिक्लेम नाही, तर त्यांच्या औषधोपचाराचे ५०,००० पर्यंत आयकराच्या ८०डी कलमाखाली, रोखीने दिलेले चालत नाहीत. डिमेन्शिया, पार्किन्सन्स, कॅन्सर अशा ठरलेल्या आजारांच्या उपचाराला ८०डीडीबी खाली १ लाखापर्यंत, स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि मेंदूच्या आजारात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असल्याचा दाखला. आणि एक ८०डीडी, ते लोकांना माहीतच नसतं. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल आणि तुम्ही त्यांच्यावर खर्च करत असाल तर सरसकट ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००, खर्च कमी झाला असला तरी. फक्त स्वतःची चांगली पेन्शन असलेली आई अवलंबून धरली जात नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, सीए आणि आपण सगळे जुनेच नंबर बोलतो. आयाचा पगार उपचारात घुसवायच्या आधी सीएला विचारा.

एवढे पैसे दर महिन्याला आणायचे कुठून?

पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात म्हणजे महिन्याला २०,५००. पैसे ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षं पक्का. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ८० पूर्ण झाल्यावर बेसिक पेन्शनच्या २० टक्के जास्त मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. जन्मतारीख बँकेच्या रेकॉर्डला चुकीची असली तर हे राहून जातं, एकदा बघून या.

रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे घर बँकेकडे ठेवून बँक महिन्याला पैसे देते, आपण राहतो घरातच आणि आपल्या पश्चात हिशोब होतो. २००७ पासून आहे, ६० च्या वर असाल तर मिळतं, आलेल्या पैशांवर इन्कम टॅक्स नाही. पण बारीक गोष्ट बघा, घर स्वतः कमावलेलं पाहिजे, वडिलोपार्जित वाड्यावर मिळत नाही. आणि कायमचं घर सोडून होममध्ये राहायला गेलात, साधारण वर्षभर घरात कुणी कर्जदार राहिलाच नाही, तर कर्ज परत मागू शकतात. म्हणजे ही सोय घरी राहणाऱ्याची आहे, होमची फी भरायला हिच्यावर विसंबू नका. होमला जायचं असेल तर सरळ घर किरायाने द्या, अकरा महिन्यांचा करार, आणि किराया फीत जमा. एकटं माणूस असेल तर इथेच होमचं पारडं जड होतं, कारण रिकामं घर कमवायला लागतं.

मुलगा म्हणतो घर माझ्या नावावर करा, मी आयुष्यभर बघीन. करू का?

घाई नको. करायचंच तर गिफ्ट डीडमध्ये, म्हणजे बक्षीसपत्रात, स्पष्ट लिहून घ्या की देखभाल करण्याच्या अटीवर देतोय. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये, अशा अटीवर दिलेलं घर, देखभाल केली नाही तर परत घेता येतं. आपल्या मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये मुलाला दिलेलं गिफ्ट डीड रद्द करून ताबा परत द्यायला सांगितला. अर्ज एसडीएमकडच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या, ट्रिब्यूनलला करायचा. मुलगा चांगला असेल तर अट लिहायला त्याची हरकत नसतेच.

आईबाबा दोघंही आहेत, मग?

मग घर. एक अटेंडंट दोघांचं बघते, स्वयंपाक एक, पंखा एक. होममध्ये फी माणशी, दोघांची डबल, डबल रूमला थोडी सूट देतात एवढंच. दोघांतलं एक धड असलं तर नक्कीच घर. फक्त धड असलेल्याची रात्रीची झोप मोडायला लागली की पुन्हा वही काढा.

होममध्ये मराठी वातावरण मिळतं का?

इंदूरला हिंदीच. जेवणात पोळी-भाजी-डाळ असते, पण साधं वरण, तूप, लिंबू हवं असेल तर सांगावं लागतं, आणि सांगितलं तर करतात. सासूबाईंचं हिंदी आयुष्यभर फर्डं होतं, भाजीवाल्याशी भांडायच्या त्या हिंदीत, पण डिमेन्शियात ते पहिलं गेलं. "मला शी लागलीय" हे दीदीला कळायचंच नाही. मी एका पुठ्ठ्यावर वीस मराठी शब्द देवनागरीत आणि समोर हिंदी अर्थ लिहून पलंगाजवळ लावला. घरी बाई ठेवली तरी हे करा, फुकट आहे.

अजिबात ऐपत नसेल तर?

१४५६७ ला फोन करा, ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. त्याच २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मुलं कमावती असून बघत नसतील तर त्याच ट्रिब्यूनलकडे महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी मागता येते, वकील लागत नाही.

आधी थोडे दिवस ठेवून बघता येतं का?

येतं, बरीच होम पंधरा दिवस, महिना ठेवून घेतात, रोजाच्या हिशोबाने जरा महाग. तरी करा. आणि बघायला जाताना दुपारी चारला नका जाऊ, तेव्हा सगळीकडे सगळं छान असतं. रात्री साडेनऊला किंवा रविवारी सकाळी जा, एका माणसामागे किती म्हातारी माणसं आहेत ते मोजा.

शेवटी तुम्ही होमला का नेलं, स्वस्त पडलं म्हणून?

नाही, महिन्याला दीडेक हजार जास्तच पडलं. रात्रपाळीची तिसरी बाई सोडून गेली त्या आठवड्यात मला चक्कर येऊन मी स्वयंपाकघरात पडले, आणि डॉक्टरांनी दोघींची फाइल एकाच टेबलावर ठेवली. आधी नवऱ्याने पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं, मग तोच रोज संध्याकाळी ऑफिसातून आधी तिकडे जायचा. मला गणिताचं काम परत मिळालं, निम्म्या तासांचं. सासूबाई गेल्यावर होमने डिपॉझिट एकोणपन्नास दिवसांनी परत केलं, खोलीच्या रंगाचे ४,००० कापून, करारात पंचेचाळीस दिवस लिहिलेले होते आणि रंगाचं काहीच नव्हतं. मी करार आणि वही दोन्ही घेऊन गेले, ४,००० परत घेतले, आणि ते त्यांच्या शेवटच्या दीदीला दिले.